पैसे आटले की गोळ्या बंद होतात: दवाखान्याचा खर्च कुठं कापावा, कुठं हात लावू नये?

जांबोटीरोड
कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या महिला संघांसाठी (बचत गटांसाठी) एका पानाचं माहितीपत्रक करतोय. डोळ्यांसमोर मजुरीवरचं पाच जणांचं घर आहे. हातात महिन्याला १२ ते १५ हजार, पावसाळ्यात त्याहून कमी. तंगी आली की आधी म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दिवसाआड होतात, मग आमटी पातळ होते, मग दुखणं अंगावर काढणं. संघाचा हप्ता मात्र कधी चुकत नाही, कारण हप्त्याला दारात माणूस येतो, गोळीला कोण येत नाही. तर कापायचंच झालं तर कुठं कापावं, आणि कशाला अजिबात हात लावू नये? "काटकसर करा" हे सोडून सांगा.

गोळीडबा
डोस कापू नका, ब्रँड कापा. रिकामी पाकिटं घेऊन बसा. मोठ्या अक्षरातल्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम असतात. ते उतरून घ्या. मेटफॉर्मिन ५०० असेल तर पुढं एसआर किंवा ईआर आहे का बघा, ती अक्षरं सोडली तर वेगळीच गोळी हातात पडते. हीच यादी जनऔषधी केंद्रात (सरकारी योजनेतलं, मूळ नावानं स्वस्त औषध विकणारं दुकान) दाखवली की बाजारातल्या नामवंत ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के कमी पैसे लागतात. दोन औषधं एकत्र असलेली गोळी मिळाली नाही तर तीच दोन सुटी मिळतात का विचारा. एसआर, ईआर गोळी मोडून अर्धी करू नये. सावकाश सुटायचं औषध एकदम सुटतं.

मग चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, "यातल्या कुठल्या गोळ्या काहीही झालं तरी बंद करायच्या नाहीत?" सात ओळींच्या चिठ्ठीत बहुतेक वेळा दोन-तीन ओळी टॉनिक, बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियम, ॲसिडिटीच्या असतात. काटछाट तिथं होते, पण ती डॉक्टरांच्या हातानं.

अचानक बंद केल्यावर अंगावर येणाऱ्या गोळ्या पत्रकात ठळक छापा. फिट्सच्या (फिट थांबत नाही अशी वेळ येते), बीपी-हृदयाच्या मेटोप्रोलॉल-ॲटेनोलॉल (छातीत दुखणं उलटतं), बरेच दिवस चाललेलं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड), आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यावरच्या ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल (स्टेंटच बंद पडू शकतो). बीपीची गोळी सोडली की काहीच दुखत नाही, म्हणून माणसाला वाटतं चाललंय की. दाब मात्र काही दिवसांत जुन्या जागी येतो, आणि पुढं अर्धांग झालं तर घरातली दोन माणसं कामातून जातात, एक आजारी आणि एक त्याच्याजवळ बसणारं.

इन्सुलिनमध्येही पैसे वाचतात. पेनपेक्षा साधी बाटली बरीच स्वस्त. पण आपल्याकडची बाटली बहुतेक वेळा मिलिला ४० युनिटची असते (बाटलीवर वाचून खात्री करा), तिला ४० चीच सिरिंज लागते, लाल टोपणाची. १०० ची सिरिंज लावून खुणा ४० च्या समजून मोजलं तर डोस अर्ध्याहूनही कमी जातो. शुगर उतरत नाही आणि दोष औषधाला मिळतो.

कणकुंबीकडचा
वरचं बरोबर, पण आमच्या बाजूच्या गावांना जनऔषधीसाठी खानापूर किंवा बेळगाव गाठायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. स्वस्त गोळी महाग पडते. म्हणून पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र. बीपी-शुगरची तपासणी आणि ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड यांसारख्या नेहमीच्या गोळ्या तिथं मोफत आहेत. "महिन्याचा कोर्स द्या" म्हणून मागायचं, पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन परत फेरी मारायची नाही. साठा संपला असेल तर पुढचा कधी येणार हे आशाताईंना फोन करून विचारून मगच निघावं. आणायला घरातल्या बाईनं जावं, कर्नाटकाच्या शक्ती योजनेत तिला सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. गडी गेला की दोन्हीकडचं भाडं.

आशा_सोबत
एकच भर. "अशक्तपणा आलाय, सलाईन लावा" हा खर्च आधी बंद करा. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. चहाचे पाचेक सपाट चमचे, बस्स. जुलाब-उलटीत तोंडानं पाणी टिकत असेल तर ओआरएसच करतं काम. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात घालून पोराला दिलं तर मीठ जास्त होऊन उलट त्रास. पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा सपाट चमचा मीठ. पोर सुस्त पडलं, लघवी थांबली किंवा पाणी पोटात टिकेना, तर घरी थांबायचं नाही, तिथं सलाईन खरंच लागतं.

पोटाला चिमटा काढताना गरोदर बाईचा घास कापू नका. अंगणवाडीत मातृपूर्णचं गरम जेवण तिच्यासाठीच असतं. लाजून न जाणाऱ्या बऱ्याच आहेत. बाकी घरात डाळ परवडत नसेल तर सोयावडी बघा, शंभर ग्रॅममध्ये पन्नासेक ग्रॅम प्रथिनं. टीबीचा पेशंट असेल तर औषध सरकारी आणि फुकट, शिवाय निक्षय पोषण योजनेतून खाण्यापिण्यासाठी महिना १००० (आधी ५०० होते), फक्त बँक खातं नोंदवलेलं हवं.

नाडकचेरी
मोठा खड्डा ॲडमिट होण्यात पडतो, म्हणून कागद आधी. बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कार्डाला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. एपीएलला (दारिद्र्यरेषेवरच्या कार्डाला) पॅकेजच्या, म्हणजे योजनेनं त्या उपचाराला ठरवलेल्या दराच्या, ३० टक्केच, तेही दीड लाखापर्यंत. लोक इथंच फसतात: कार्ड घेऊन थेट खाजगीत जातात. नेमून दिलेला क्रम असा की आधी सरकारी दवाखाना, तिथं सोय नसेल तर तिथली रेफरल चिठ्ठी, मग यादीतलं खाजगी रुग्णालय. अपघात, हार्ट अटॅक यांसारख्या तातडीत चिठ्ठी लागत नाही, पण दाखल होतानाच आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) गाठून कार्ड नोंदवायचं. डिपॉझिट भरून, बिल होऊन, मग कार्ड काढलं तर पैसे परत मिळवणं महाकठीण.

रेशन कार्ड आणि आधारवरची नावं आजच ताडून बघा. कार्ड कन्नडात, आधारवर मराठीतून इंग्रजीत गेलेलं नाव, कुठं आडनाव आधी तर कुठं बापाचं नाव गायब. हे काउंटरवर रात्री अकराला कळून उपयोग नाही. ई-केवायसी सगळ्यांची झालेली हवी, नव्या सुनेची आणि लहान पोरांची राहून जाते. आणि हे कार्ड ॲडमिट होण्यापुरतं आहे, रोजच्या गोळ्यांना चालत नाही. म्हणून वरच्यांनी सांगितलेलं सोडू नका.

एपीएल कार्ड असेल आणि गावच्या सोसायटीचे सभासद असाल तर यशस्विनी, म्हणजे सहकारी सभासदांची आरोग्य योजना, बघा. ग्रामीण भागात चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये. नोंदणी ठरावीक मुदतीतच होते, आजारी पडल्यावर नाही.

जांबोटीरोड
निपाणीकडचे लोक कोल्हापूर-मिरजेला जातात, त्यांचं काय? महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागाला लागू झाली म्हणतात.

नाडकचेरी
महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी ती जाहीर केली, कर्नाटकानं आक्षेप घेतला. दोन सरकारांच्या भांडणावर पेशंट गाडीत घालू नका. निघण्याआधी त्या रुग्णालयातल्या योजनेच्या काउंटरला फोन करून गावाचं नाव, कार्डाचा प्रकार आणि आजार तिन्ही सांगून विचारा. आयुष्मानची चौकशी १४५५५ वर होते. कोल्हापूरच्या आंतरराज्य बसला शक्तीची सवलत धरून चालू नका, भाडं जवळ ठेवा.

बिशीवाला
पैसे कुठनं उभे करायचे त्यावर कोण बोललंच नाही. दवाखान्यासाठी सावकाराकडून २०,००० उचलले तर शेकडा पाचनं महिन्याला १००० नुसतं व्याज. तेच सोनं तारण ठेवून वर्षाला १२ टक्क्यांनी घेतले तर महिन्याला २००. मंगळसूत्र गहाण टाकायची लाज वाटते म्हणून सावकाराकडे जाणं हे पाचपट महाग आहे. गृहलक्ष्मीचे (घरच्या बाईला सरकारकडून येणारे) महिना २००० जमेला धरून हप्ता बांधू नका, ते तारखेला येतीलच असं नाही.

आणि हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल शून्य येतं म्हणून पाणी तापवायला कॉइल आणलेली घरं आहेत. १५०० वॅटची कॉइल रोज तासभर म्हणजे महिन्याला ४५ युनिट. गृहज्योतीत (मोफत विजेच्या योजनेत) २०० युनिट सरसकट फुकट नाहीत, तुमची २०२२-२३ ची सरासरी अधिक १० टक्के (सरासरी ४८ युनिटपेक्षा कमी असेल तर अधिक १० युनिट) एवढेच फुकट. वरचे युनिट तुमच्या खिशातनं, आणि २०० ओलांडलं तर सगळंच बिल. जुनं बिल काढून हक्काचे युनिट किती ते बघा, मग कॉइल लावा.