‘वेड्याची बायको’ : भोंडल्याच्या गाण्यातील शेवटचे कडवे कसे वाचावे?

मधुमालती यांचा प्रश्न

भोंडल्याचा फेर धरला की ‘श्रीकांता कमलकांता अस्सं कस्सं झालं, अस्सं कस्सं वेड माझ्या नशिबी आलं’ हे गाणे हमखास होते आणि लहानथोर सगळ्याजणी ते हसत हसत म्हणतात. वेड्याच्या बायकोने लाडू केले, तर नवरा ते चेंडू समजून खेळायला घेतो; करंज्या केल्या, तर होड्या समजून पाण्यात सोडतो. असा हशा वाढत जाऊन गाणे शेवटच्या कडव्याशी येते. तेथे बायको पलंगावर झोपलेली असते, वेडा डोकावून पाहतो आणि ‘मेली मेली’ म्हणून तिला जाळून टाकतो.

आमच्या महिला मंडळात यंदा हे कडवे गाळावे, अशी सूचना आली आहे. बाई जाळली जाते हे लहान मुलींनी टाळ्या वाजवत म्हणू नये, असे सूचना करणाऱ्या मैत्रिणीचे मत आहे. परंपरेने आलेल्या गाण्याला कात्री लावू नये, असे इतर काहीजणींना वाटते. मला मात्र गाळायचे की ठेवायचे याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हे केवळ गमतीचे गाणे आहे, की न विचारता एखाद्याच्या गळ्यात बांधल्या गेलेल्या बाईचे एकटेपण त्यात गायले आहे? ‘माझ्या नशिबी आलं’ हे शब्द मला हसण्यावारी नेता येत नाहीत. लोकगीतांचा अभ्यास असणाऱ्यांनी आणि ही गाणी म्हणत मोठ्या झालेल्यांनी आपले वाचन कृपया सविस्तर मांडावे.

ओवीवेल्हाळ यांचे उत्तर

मधुमालतीताई, या गाण्यात बोलणारी व्यक्ती कोण आहे, याकडे मी प्रथम लक्ष वेधेन. कडव्यांमध्ये ती ‘वेड्याची बायको’ आहे. तिला स्वतःचे नाव नाही आणि तिची सगळी हकीकत दुसऱ्याच कोणाची असावी तशी सांगितली जाते. पालुपदात मात्र तीच ‘माझ्या नशिबी’ असे म्हणते. म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर गाणे परक्या बाईकडून स्वतःकडे वळते आणि फेरातली प्रत्येक मुलगी तेवढ्यापुरती ते नशीब आपले म्हणून उच्चारते.

दुसरी गोष्ट संवादाची. भोंडल्याच्या बहुतेक गाण्यांत बोलाचाली भरपूर असते. ‘कारल्याचा वेल’मध्ये सून सासूला विचारते, सासू सासऱ्याकडे पाठवते, तो आणखी कोणाकडे, आणि परवानगी मागण्यातच गाणे सरते. येथे मात्र नवरा-बायको एकमेकांशी एक अक्षरही बोलत नाहीत. ती काही तरी करून ठेवते, तो ‘तिकडून’ येतो, डोकावतो आणि त्या वस्तूला भलतेच नाव देतो. लाडू, करंज्या हे सणासुदीचे, निगुतीने करायचे पदार्थ आहेत, पण एकाही कडव्यात कोणी ते खात नाही. सासू, नणंद, जाऊ यांपैकी कोणाचा उल्लेखही येत नाही, आणि सासरच्या माणसांनी गजबजलेल्या भोंडल्याच्या गाण्यांमध्ये ही गोष्ट फार वेगळी आहे. तिने ज्याला हाक मारली आहे तो एकटा श्रीकांत, म्हणजे विष्णू. घरात हाक मारावी असे दुसरे कोणी नाही.

या क्रमाने पाहिले, तर शेवटचे कडवे बाहेरून चिकटवलेले वाटत नाही. आधी तो तिच्या हातचे काम ओळखत नाही आणि शेवटी तिलाच ओळखत नाही. जिवंत बाई त्याला मेलेली दिसते. तिच्या जळण्यानंतरही पालुपद म्हटले जातेच, आणि तेव्हा ‘माझ्या नशिबी’ हे शब्द फेरातल्या मुलींखेरीज दुसऱ्या कोणाच्या तोंडी उरत नाहीत.

हे दुःख हसण्याच्या वेषात का येते, याचे उत्तर गाण्याच्या प्रसंगात आहे, असे मला वाटते. जात्यावरची ओवी पहाटेच्या अंधारात, एकटीने किंवा सोबतीणीबरोबर म्हटली जाई आणि जात्याच्या घरघरीत बाईला सासुरवास उघड सांगता येत असे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्यांतल्या सासरच्या ओव्या वाचल्या, तर तेथे विनोदाचा आडपडदा फारसा दिसत नाही. भोंडला मात्र अंगणात, पाटावर काढलेल्या हत्तीभोवती, घरोघरच्या थोरल्या बायकांसमोर म्हणायचा असतो. ज्यांच्याबद्दल तक्रार करायची त्याच समोर बसलेल्या असताना रडगाणे चालत नाही, हसण्याचे गाणे चालते.

दिवाकर_वाई यांचे उत्तर

वरचे वाचन मला आवडले, पण त्यातून गाण्याचा खेळकरपणा पुसला जाऊ नये. लाडवाचा चेंडू आणि करंजीची होडी यांत आकारसाम्याचा शुद्ध आनंद आहे आणि मुलांना तो चटकन कळतो. भोंडल्याच्या शेवटी खिरापत झाकून ठेवून ‘काय असेल ते ओळखा’ असा खेळ होतो. हे गाणेही त्याच वृत्तीचे आहे, फक्त येथे वेडा प्रत्येक वेळी चुकीचे ओळखतो. कडव्यांचा साचा इतका मोकळा आहे की प्रत्येक पिढीने त्यात भर घातली. श्रीखंडाला क्रीम समजून तोंडाला फासण्याचे कडवे सर्रास म्हटले जाते; ते पणजीच्या काळातले नाही, हे उघड आहे.

म्हणून मला असे वाटते की या गाण्याला एक लेखिका आणि तिचे एक दुःख बहाल करताना जपून राहावे. हे पुष्कळ तोंडांतून घडलेले गाणे आहे. कोणी त्यात आपले हाल ओतले असतील, कोणी नुसते यमक जुळवले असेल. दोन्ही एकाच गाण्यात नांदत आहेत, आणि एकाला खरे ठरवण्यासाठी दुसऱ्याला खोटे ठरवण्याची गरज नाही. कडवे गाळण्याच्या बाजूने मी नाही. परंतु मुलींना प्रत्येक कडव्याचा अर्थ आधी समजावून मग फेर धरायला लावणे हेही मला जाचक वाटते.

तापीकाठ यांचे उत्तर

मी जळगाव जिल्ह्यातली. आमच्याकडे भोंडल्याऐवजी भुलाबाई असते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मूर्ती मांडून रोज गाणी म्हणतात. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती, त्यामुळे माहेरपण आणि सासरी परत जाण्याची वेळ हा या गाण्यांचा गाभाच आहे.

या चर्चेत ‘यादवराया राणी रुसून बैसली कैसी’ हे गाणेही विचारात घ्यावे. सासुरवाशीण सून रुसून बसली आहे, घरी यायला तयार नाही. सासू, सासरा, दीर, नणंद असे एकामागून एक समजूत घालायला जातात, प्रत्येकजण काही दागिना किंवा वस्तू देऊ करतो आणि ती प्रत्येकाला ‘मी नाही यायची’ असे ठाम सांगते. शेवटी नवरा जातो. मी ऐकत आले त्या पाठात तो ‘लाल चाबूक’ देऊ करतो आणि ती लगेच घरी यायला निघते. काही पाठांत हा शेवट सौम्य केलेला आढळतो.

आमच्या घरी या शेवटावर हसत असत. नवऱ्याच्या धाकाला बायको बरोबर वठणीवर येते, असा सरळ अर्थ घेतला जाई. मला आता त्यातले नकार अधिक ऐकू येतात. गाणे जवळजवळ सगळेच्या सगळे तिच्या नकाराचे आहे आणि होकार फक्त एका ओळीचा, तोही चाबकाच्या पुढचा. ती का रुसली, हे एकही जण तिला विचारत नाही, ही गोष्ट गाण्याने किती नेमकी पकडली आहे! प्रत्येकाकडे द्यायला काही तरी आहे, विचारायला काही नाही.

वेड्याच्या बायकोला निदान देवाला हाक मारता येते. या राणीला ‘नाही’ एवढाच शब्द आहे, आणि तोही शेवटी काढून घेतला जातो.

न्यायपत्र यांचे उत्तर

तापीकाठ यांनी सांगितलेल्या गाण्याला एक प्रत्यक्ष घडलेला प्रसंग जोडून पाहण्यासारखा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रखमाबाईंचे लग्न त्या 11 वर्षांच्या असताना दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले गेले होते. त्या मुंबईत आपल्या सावत्र वडिलांच्या, डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या, शिकल्या आणि पुढे त्यांनी सासरी नांदायला जाण्यास नकार दिला. 1884 मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अजाणत्या वयात लग्न झालेल्या आणि नवऱ्याकडे कधीच न नांदलेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध त्याच्या हवाली करणे त्यांना अमानुष वाटले. अपिलात तो निकाल टिकला नाही. मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला की रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने कैद भोगावी. आपण कैद पत्करू, पण जाणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली; रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेत व राजकोटात त्यांनी दीर्घकाळ काम केले.

या खटल्याच्या काळात ‘राणी रुसून बैसली’सारखी गाणी म्हणणाऱ्या मुलींचे वय काय असेल, याचा विचार करावा. अनेक घरांत मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत आणि वयात येईपर्यंत त्या बराच काळ माहेरी राहत. म्हणजे फेर धरणाऱ्या कितीतरी मुलींच्या गळ्यात मंगळसूत्र आधीच असे, फक्त सासरी जायचे बाकी असे. ‘अस्सं सासर द्वाड बाई कोंडून मारितं, अस्सं माहेर सुरेख बाई खेळाया मिळतं’ ही ओळ आज आपण गोष्टीतल्या सासराबद्दल म्हणतो. त्या मुली आपल्या पुढच्या वर्षाबद्दल म्हणत होत्या. मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठरवणारा कायदा 1929 मध्ये झाला, त्याआधीच ही गाणी पक्की रुजलेली होती. दिवाकररावांचे पुष्कळ तोंडांचे म्हणणे मला मान्य आहे. फक्त ती तोंडे किती कोवळी होती, एवढे त्यात जोडावे.

शुश्रूषा यांचे उत्तर

मी मनोरुग्णांच्या नातेवाइकांबरोबर काम करते, त्यामुळे या गाण्यातील ‘वेडा’ कोणी येथे माणूस म्हणून विचारातच घेतला नाही, हे मला खटकले. गाणे त्याला दुष्ट म्हणत नाही. तो मारत नाही, शिव्या देत नाही. त्याला जग वेगळे दिसते, एवढेच. त्याच्या लग्नाचा निर्णयही त्याने घेतलेला नसणार. ‘लग्न करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल’ हा सल्ला आजही दिला जातो आणि मुलीकडच्यांपासून आजार लपवून लग्ने उरकली जातात. मुलीला काय आहे ते कळते तेव्हा ती त्या घरात एकटी पडलेली असते, आणि त्याचे औषधपाणी कोणी पाहायचे, हा प्रश्नही तिच्यावरच येऊन पडतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार फसवून मिळवलेल्या संमतीचे किंवा संमती देण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीचे लग्न न्यायालयाकडून रद्द करून घेता येते, पण तेथवर पोहोचायला तिच्या पाठीशी माहेर उभे राहावे लागते.

म्हणून मी या गाण्यात दोघांना एकटे पाहते. त्याला तिची भाषा कळत नाही, तिला त्याची. ज्यांनी दोघांना एका घरात आणून ठेवले ते गाण्यात कोठेच दिसत नाहीत. ओवीवेल्हाळ यांनी सासरची माणसे नसल्याचे जे टिपले आहे, त्याचा मला लागलेला अर्थ हा आहे. ती सारा दोष ‘नशिबा’वर टाकते, कारण ज्यांच्यावर टाकायचा त्यांची नावे घेण्याची तिला मुभा नाही. मुलींनी हे गाणे म्हणावे, पण फेरात वेड्याची नक्कल करण्याची जी पद्धत पडली आहे ती तरी थांबवावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

मधुमालती यांचे उत्तर

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. शुश्रूषाताई, नक्कल करण्याची पद्धत आमच्याकडेही आहे. ती थांबवण्याबद्दल मी मंडळात बोलणार आहे, आणि त्याला विरोध होईल असे वाटत नाही. शेवटचे कडवे ठेवावे, असे मी आता सुचवेन. ते गाळले, तर उरलेले गाणे निव्वळ एका खुळ्या नवऱ्याची फजिती होऊन बसते आणि बाईला काय सोसावे लागले ते अदृश्य होते. दिवाकररावांचा मुद्दा लक्षात ठेवून फेराच्या आधी कोणतेही विवेचन करणार नाही. खिरापत वाटताना एखादीने आपणहून विचारले, तर बोलू.

तापीकाठताई, ‘यादवराया’चा सौम्य शेवट आणि चाबकाचा शेवट, असे दोन्ही पाठ आपल्याकडे पूर्ण असतील तर कृपया येथे लिहावेत. आमच्याकडच्या वयस्क बायकांना विचारून इकडचा पाठही मी उतरवून घेते आणि कोणत्या घरात कोणता शेवट म्हणत असत, तेही नोंदवते.