‘कंट्रोल ग्रुप’ला मराठीत काय म्हणावं?

दर्यापूर तालुक्यातून: गावात राहून मी एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करतो. आमच्याकडे प्रयोग चालवायचं टूल आहे. ॲपमधला बदल निम्म्या लोकांना दाखवायचा, उरलेल्यांना, म्हणजे ‘कंट्रोल ग्रुप’ला, जुनंच ठेवायचं आणि दोघांचे आकडे ताडून पाहायचे. हे टूल मराठीत आणताना ‘कंट्रोल ग्रुप’साठी मी ‘नियंत्रण गट’ लिहिलं. बाबांनी वाचून विचारलं, “याच्यात कोनाचं कोनावर नियंत्रण हाय?” समजावून सांगितल्यावर म्हणाले, “मंग हे त आपले जुन्या वाणाचे तास झाले.” पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, नवं वाण आणलं की त्याच वावरात ते चार तास, म्हणजे चार ओळी, मागल्या वर्षीचंच वाण लावतात. नाहीतर नव्याचं कसं मालूम पडन, हा त्यांचा सवाल. त्या तासांना वेगळं नाव मात्र नाही. मला पडद्यावर लिहायला नाव हवं आहे.

अकोल्याहून: ‘तुल्य’ घ्या. कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत ‘तुल्य वाणापेक्षा अमुक टक्के जास्त उत्पादन’ असं छापलेलं असतं. आणि हा शब्द उसना वाटायचं कारण नाही, भाऊ, तुमच्या टूलचं मूळच वावरात आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून गव्हाचा एक प्रयोग चालू आहे, त्यात एका पट्ट्याला खतच देत नाहीत. तोच त्यांचा कंट्रोल. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तिथे १९१९ मध्ये रुजू झाले. वावराची एक बाजू भारी, दुसरी हलकी. नवं बी भारी बाजूला पडलं तर श्रेय बियाला द्यायचं की मातीला? म्हणून कोणत्या वाफ्यात काय पेरायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवावं, हा आग्रह त्यांनी रुजवला. तुमचं टूल वापरणाऱ्यांना गटांत वाटतं ते याच रीतीनं. दोन्ही गटांना एकच पडदा दाखवून टूल तपासता ना, ए/ए टेस्ट? शेतीत तेही होतं: सगळ्या वाफ्यांत एकच बी पेरायचं आणि निव्वळ जमिनीमुळे किती फरक पडतो ते मोजायचं.

यवतमाळहून: बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी यायचं. त्यावरून काही शब्द निघेल का?

अकोल्याहून: नाही, ताई. ते तुलनेसाठी नसतं. बोंडअळीला बीटीचं विष पचायला लागू नये म्हणून तिच्यासाठी राखलेला तो आसरा. दिसायला सारखं, काम अगदी वेगळं.

वर्ध्याहून: ‘कंट्रोल’ची व्युत्पत्ती पाहा. जुन्या फ्रेंचमध्ये ‘कोंत्र-रोल’ म्हणजे हिशेबाची दुसरी वही, पहिली वही तपासायला ठेवलेली. ताबा हा अर्थ पुढे चिकटला आणि आपण नेमका तोच उचलून ‘नियंत्रण’ केलं. मूळ अर्थाला मराठीत ठेवणीतला शब्द आहे: पडताळा. ‘तुल्य’ चांगला आहे, पण त्यात फक्त बरोबरी आहे. पडताळ्यात दुसरी वही आहे.

दर्यापूर तालुक्यातून: पडताळा! ‘पडताळा गट’ लिहून बाबांना दाखवलं. काही न विचारता पुढची ओळ वाचायला लागले. हाच ठेवतो.

आता दुसरा शब्द. कंपनीतल्यांची खाती आणि बॉट, म्हणजे माणसाऐवजी ॲप वापरणारे प्रोग्राम, आम्ही आकड्यांतून काढून टाकतो. ‘वगळलेले’ चालेल, पण प्रयोगाच्या शेतात कडेचे तासही वजनात धरत नाहीत. तिथल्या झाडाला ऊन जास्त मिळतं, शेजारही कमी. आमच्याकडे ते ‘धुऱ्याकडचे तास’. पश्चिम महाराष्ट्रात धुऱ्याला बांध म्हणतात. ‘धुऱ्याकडचे’ लिहिलं तर सांगली-साताऱ्याला कळेल का?