शिंगराच्या हॉकमध्ये (मागच्या पायाच्या घोट्यात) ओसीडी हा सांध्याचा दोष निघालाय, भाग घ्यावा का?

रेसवेडा_पुणेकर:
मंडळी, आम्ही चौघं मिळून एका थरोब्रेड (रेसच्या जातीच्या) शिंगरात भाग घेतोय, दीड वर्षाचं आहे, दिसायला झकास, चाल पण मोकळी. पण एक्सरे रिपोर्टात मागच्या डाव्या हॉकमध्ये ओसीडी लिहिलंय आणि विकणारा म्हणतो अहो सगळ्यांनाच असतं. किंमत मात्र एक रुपया सोडत नाही! पळेल का हे पुढे?

तबेल्यातला:
सांध्याची भानगड असेल तर लांबच राहा. ट्रॅकवर्क (पळायचा सराव) वाढलं की पाय सुजतो, मग महिनाभर आराम, परत तेच, आणि ट्रेनरचं बिल काय थांबत नाही.

व्हेटकाका:
तबेल्यातले भाऊ, सरसकट असं नका बोलू. वाढत्या वयात सांध्यातल्या कूर्चेला रक्तपुरवठा नीट झाला नाही की तेवढ्या भागाचं हाड बनत नाही आणि मग तिथला तुकडा सुटा होतो, हे झालं ओसीडी. थोडं आईबापाकडून येतं, थोडं भराभर वाढवायच्या नादात दिलेल्या जड खुराकामुळे. हॉकमध्ये नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाला छोटा तुकडा असेल, सूज नसेल, लंगडत नसेल तर बहुतेक घोडे आरामात पळतात, आणि पाणी भरत असेल तर दुर्बिणीने तुकडा काढून टाकतात. खरी भीती स्टायफलची, म्हणजे हॉकच्या वरचा मांडीखालचा सांधा. तिथला दोन सेंटिमीटरच्या आतला डाग बराचसा निभावतो, चारच्या वर गेला तर अवघड, आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला सिस्ट (हाडातली पोकळी) निघाली तर मी तरी दहादा विचार करीन. फेटलॉकमागची, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्यामागची, सेसमॉइड ही छोटी हाडं पण नीट बघून घ्या, तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.

रेसवेडा_पुणेकर:
मोठं झाल्यावर आपोआप भरून नाही का येत?

व्हेटकाका:
येतं, पण लहानपणीच. हॉलंडमधल्या वॉर्मब्लड (स्वारीच्या जातीच्या) शिंगरांचे सारखे एक्सरे काढत गेले तेव्हा दिसलं की हॉकमधलं साधारण पाचव्या महिन्यापर्यंत भरतं आणि स्टायफलमधलं आठव्यापर्यंत. तुमचं दीड वर्षाचं आहे, आता जे आहे ते राहणार असंच धरून चाला.

महालक्ष्मी_गेट:
आणि दोन वर्षांचं झालं की लगेच पळवायची घाई नको. आपल्याकडे १ जानेवारीला रेसच्या सगळ्या घोड्यांचं वय एकदम वाढतं, एप्रिलमध्ये जन्मलेलं कागदावर दोनचं झालं तरी हाडं कच्चीच असतात. इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते, वेळ भरपूर आहे. रिपोर्ट दाखवून भाव पाडा आणि विकणाऱ्याचा नको, स्वतःचा व्हेट न्या. एक्सरे कधीचे आहेत? स्टायफलचे काढलेत का?

रेसवेडा_पुणेकर:
आत्ताच बघितलं, फक्त हॉक आणि फेटलॉकचे आहेत, तारीख मार्चची. स्टायफलचा एकही नाही. उद्याच फोन करतो त्याला.