साउथडेल: पहिला बंदिस्त उपनगरी मॉल वाढला कसा आणि टिकला कसा?

रेघोटी
मिनियापोलिसलगतच्या इडायना उपनगरात ८ ऑक्टोबर १९५६ ला साउथडेल सेंटर उघडलं. सगळीकडून बंद, वर छप्पर, आत बारमाही एकच तापमान अशा अमेरिकी मॉलची सुरुवात इथूनच धरतात. वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन, मालक डेटन ही मोठ्या दुकानांची कंपनी, खर्च २ कोटी डॉलर, इथपर्यंत माहिती कुठेही मिळते. मला पुढचं हवं आहे. छप्पर घातलं ते फक्त थंडीमुळे का? माळरानावर एवढा पैसा ओतायला माणसं एकदम तयार कशी झाली? आणि डेटननेच १९६२ मध्ये उघडलेला ब्रुकडेल जमीनदोस्त झाला, साउथडेल मात्र चालू आहे, ते का? नकाशा, भाडं, करार या अंगाने सांगितलंत तर बरं. मॉल चांगले की वाईट, हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

ओळंबा
थंडी हे कारण खरंच आहे. मिनेसोटात खरेदीला धड म्हणावेत असे दिवस वर्षात १२६च, असा ग्रुएनचा हिशोब होता. पण छप्पर घातलं की अख्खा नकाशा बदलतो, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

ग्रुएनचंच १९५४ चं नॉर्थलँड हे खरेदी केंद्र, डेट्रॉइटजवळचं, उघडं होतं. मध्ये हडसन्सचं भलंमोठं दुकान, भोवती बाकीची, मधल्या जागेत अंगणं. अशा रचनेत प्रत्येक गाळ्याला ऊन-पाऊस सोसणारी दर्शनी भिंत आणि स्वतंत्र दार लागतं. छपराखाली ते लागत नाही. दुकानाचं तोंड पूर्ण उघडं ठेवता येतं आणि काही घ्यायचं न ठरवलेलं गिऱ्हाईकही आत शिरतं. शिवाय गाळे एकमेकांना चिकटून, दोन मजल्यांवर रचता येतात, त्यामुळे चालायचं अंतर कमी होतं.

दुसऱ्या मजल्याची मात्र एक खोड आहे. खालून आलेला माणूस वर चढायला राजी नसतो, म्हणून वरचे गाळे पडून राहतात. साउथडेलमध्ये पार्किंगच दोन पातळ्यांवर केलं. काही गाड्यांची माणसं थेट खालच्या मजल्यात येतात, काहींची थेट वरच्या. मधल्या चौकातून दोन्ही मजले एका नजरेत दिसतात आणि सरकते जिने तिथेच समोर असतात. डेटन्स आणि डोनाल्डसन्स ही हाडवैरी दुकानं एकाच छपराखाली आणली होती. एकातून निघून दुसऱ्याकडे जाताना वाटेत बाकीची सत्तर दुकानं लागायची, हाच बेत होता.

आता जागेचा हिशोब बघा. ८ लाख चौरस फूट बांधकाम आणि ५,२०० गाड्यांची जागा, म्हणजे हजार चौरस फुटांमागे साडेसहा गाड्या. एका गाडीला, फिरण्याच्या वाटेसकट, ३०० ते ३५० चौरस फूट धरतात. ३२५ ने गुणलंत तर जवळजवळ १७ लाख चौरस फूट होतात, सुमारे ३९ एकर. दुकानांपेक्षा दुपटीहून जास्त जागा डांबराला गेली! त्या काळात पार्किंग नाताळाआधीच्या गर्दीवर बेतायचे, उरलेलं वर्षभर बराच भाग रिकामा असायचा. हे डांबर पुढे कामाला येणार आहे, लक्षात असू द्या.

नामवंत वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट त्याच वर्षी येऊन मधल्या चौकाला नावं ठेवून गेला. त्याची तक्रार चौकाच्या रूपाबद्दल होती. माणसं फिरवण्याचं यंत्र म्हणून बघितलं तर चौक चोख होता.

वजावट
पैशाबद्दल सांगतो. सर्रास दिलं जाणारं उत्तर म्हणजे १९५४ चा कर कायदा. त्याने नव्या व्यापारी इमारतींना वेगवान घसारा मिळाला. घसारा म्हणजे इमारत झिजते म्हणून करपात्र उत्पन्नातून दरवर्षी वजा करता येणारी रक्कम. समजा इमारत १० लाख डॉलरची, आयुष्य ४० वर्षं. सरळ पद्धतीत दरवर्षी २५,००० वजा होतात. घटत्या शिलकीवर दुप्पट दराने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीच्या ५ टक्के, पहिल्या वर्षी ५०,०००, मग ४७,५००, मग ४५,१२५. भाडं येत असूनही कागदावर तोटा, आणि तो दुसऱ्या उत्पन्नाशी वळता करायचा. जमिनीला घसारा नाही, त्यामुळे स्वस्त जमिनीवर महाग नवी इमारत हे गणित सर्वांत फायद्याचं. शहरातली जुनी इमारत घेणाऱ्याला एवढी सवलत नव्हती. १९८६ च्या कर सुधारणेत हा प्रकार संपला.

पण साउथडेलची घोषणा १९५२ ची आहे, म्हणजे कायद्याच्या आधीची. माझ्या मते करसवलतीने साउथडेल जन्माला घातलं नाही, त्याच्या नकला जन्माला घातल्या. डेटनचा डोळा जमिनीवर होता. त्यांनी ४६३ एकर घेतले होते आणि मॉल त्याच्या एका भागात. मॉलमुळे शेजारच्या जमिनीचा भाव चढतो, तो दुसऱ्याच्या खिशात का जाऊ द्यायचा? ग्रुएनच्या आराखड्यात तिथे घरं, शाळा, कार्यालयं, बाग, तळं होतं. त्यातलं थोडंच झालं, बरीच जमीन तुकड्यांनी विकली गेली. १९७८ मध्ये ग्रुएनने या असल्या मॉलांचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं, त्यामागचा राग हाच.

भाड्याचं थोडक्यात. अँकर म्हणजे मोठं दुकान गर्दी आणतं, म्हणून त्याला नाममात्र भाडं, किंवा इमारत त्याच्याच मालकीची. मालकाचं पोट भरतात छोटे गाळे. त्यांना किमान भाडं अधिक विक्रीवर टक्का. उदाहरणार्थ, वर्षाला किमान भाडं ६०,००० आणि टक्का ६. भागाकार केला की १० लाखांची रेषा मिळते. विक्री १३ लाख झाली तर वरच्या ३ लाखांवर ६ टक्के, म्हणजे १८,००० जादा. म्हणून मालकाला चपलांची चार दुकानं शेजारीशेजारी हवीत की लांब, याचीसुद्धा काळजी असते.

रेघोटी
म्हणजे अँकर गेला की छोट्यांची विक्री घटते आणि मालकाचा टक्का बुडतो, एवढंच ना? मग मॉल इतके झपाट्याने का कोसळतात?

गाळा नं. ७
एवढंच नाही. मोठ्या साखळी दुकानांच्या करारात एक कलम असतं: अमुक अँकर बंद पडला, किंवा भरलेल्या गाळ्यांचं प्रमाण ठरलेल्या टक्क्याखाली गेलं, तर किमान भाडं थांबतं आणि फक्त विक्रीचा टक्का द्यायचा. ठरावीक मुदतीत बदली अँकर आला नाही तर करार मोडायची मुभा. त्यामुळे एक अँकर गेला की भाडं एकाच वेळी बऱ्याच गाळ्यांतून आटतं. देखभालीचा खर्च तोच राहतो आणि तो उरलेल्यांवर वाटला जातो, म्हणून तेही काढता पाय घेतात. त्यातून अँकरची इमारत त्याच्याच मालकीची असेल तर मॉलवाल्याला तिथे हातही लावता येत नाही. पार्किंगची आखणी बदलायलासुद्धा सगळ्या अँकरांच्या सह्या लागतात, कारण मॉलवाला आणि अँकर यांच्यातल्या मूळ सामाईक करारात ती गोठवलेली असते. बंद मॉल वर्षानुवर्षं तसेच उभे दिसतात त्याचं कारण बहुतेक वेळा हे.

आता साउथडेलचा इतिहास याच चष्म्यातून पाहा. १९७२ ला जेसी पेनी हे आणखी एक मोठं दुकान जोडलं. १९९० ला डेटन्सने आवारातच मोठं नवं दुकान बांधलं आणि जुन्याच्या जागी गाळे निघाले. दोनच वर्षांत, ऑगस्ट १९९२ ला, जवळच ब्लूमिंग्टनमध्ये मॉल ऑफ अमेरिका उघडला, तेव्हा ही भर उपयोगी पडली. डोनाल्डसन्सच्या जागी आधी कार्सन्स, मग मर्व्हिन्स आलं, तेही २००४ ला गेलं. डेटन्स पुढे मार्शल फील्ड्स झालं आणि २००६ ला मेसीज. इतक्या पाट्या बदलूनही मॉल हलला नाही, कारण ते आवार नुसती पेठ न राहता हळूहळू वस्ती होत गेलं. ओळंबा यांनी सांगितलेल्या डांबरावर २०१४ ला भाड्याची घरं उभी राहिली, नंतर हॉटेल आलं. २०१७ ला पेनी बंद झाल्यावर ती इमारत पाडून २०१९ ला तिथे लाइफ टाइमचा बहुमजली व्यायाम क्लब आला. १९६५ पासून शेजारी फेअरव्ह्यू साउथडेल रुग्णालय आहेच, भोवती कार्यालयं आणि सधन वस्ती.

ब्रुकडेलकडे यातलं फारसं नव्हतं. अँकर एकेक करून गेले, २०१० ला मॉल बंद झाला, पुढच्या वर्षी पाडला, सीअर्स हे अँकर दुकान तेवढं काही काळ उभं राहिलं.

चौथा मजला
हे वाचून मुंबई-पुण्याला लगेच लावू नका. इकडे जे मॉल ओस पडले त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी गाळे एकेका गुंतवणूकदाराला विकलेले होते. कोणता धंदा कुठे बसेल हे ठरवणारा मालकच नाही, मग अँकर आणणार कोण आणि त्याला स्वस्तात जागा देणार कोण? २००४ चं मालाडचं इनऑर्बिट भाडेतत्त्वावर ठेवलं, तो फरक मोठा आहे.

ओळंबा
सहमत, पण नकाशातही फरक आहे. आपल्याकडे चार-पाच मजले आणि गाड्या तळघरात. रस्त्यावरून, रिक्षातून येणारा सगळा तळमजल्यावरच शिरतो, दोन पातळ्यांची युक्ती चालत नाही. म्हणून मल्टिप्लेक्स आणि खाऊगल्ली सर्वांत वर ठेवतात आणि सरकते जिने मुद्दाम उलटसुलट बाजूंना, म्हणजे प्रत्येक मजल्यावर थोडं चालणं भाग पडावं. सिनेमाला थेट वर नेणारी लिफ्ट दिली की मधले मजले मेलेच. आणि तळघरातल्या पार्किंगवर पुढे घरं बांधता येत नाहीत, त्यामुळे साउथडेलची पळवाट इथे बंद.

रेघोटी
लिफ्टचा मुद्दा नवीन होता. सामाईक करारात पार्किंग साधारण किती वर्षं गोठवलेलं असतं?

गाळा नं. ७
दुकान चालू ठेवायचं बंधन बहुधा १५ ते २० वर्षांचं असतं, वहिवाटीचे आणि पार्किंगचे हक्क त्याहून कितीतरी लांब चालतात. म्हणून मोडीत निघालेला मॉल घेणारा आधी अँकरांचे हक्क विकत घेतो, आर्किटेक्टला नंतर बोलावतो.