ब्रेसेस लावून पाच दिवस झाले, लेक नीट जेवत नाही. काय करू?

बार्शीची_आई

नमस्कार. माझी मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे. वरचे दोन्ही सुळे हिरडीत उंच चढून बाहेर आले होते आणि खालच्या पुढच्या दातांची दाटी होती. गेल्या शनिवारी सोलापूरला नेऊन वर-खाली ब्रेसेस लावून आणल्या. त्याआधी आठवडाभर दाढांच्या फटींत निळी रबरं बसवली होती, तेव्हापासूनच तिची कुरकुर चालू होती.

आज पाचवा दिवस. पहिले दोन दिवस दात ठणकायचे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळीनं थांबायचे. ते आता कमी आहे. पण गालाला आतून घासून दोन ठिकाणी तोंड आलंय आणि डावीकडे अगदी मागे तार टोचते म्हणते. आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी, तिला तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी म्हणजे जीव की प्राण. त्याला हातही लावत नाही. दूध-बिस्कीट आणि आइस्क्रीमवर दिवस काढतेय. शाळेचा डबा तसाच परत येतो. खोदून विचारलं तर म्हणाली, दातांत अडकलेलं मैत्रिणींना दिसतं. काल आजीनं पेरू चिरून दिला, तर रडायलाच लागली.

डॉक्टरांनी कागद दिलाय, त्यात काय खायचं नाही ते सगळं आहे. पण खायचं काय? शाळेत दात कसे घासायचे? पुढची तारीख चार आठवड्यांनी आहे आणि सासूबाई म्हणताहेत, पोरीचे हाल करू नका, काढून टाका. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

नीरेकाठचा

ताई, मागची तार टोचतेय ना, त्यासाठी चार आठवडे थांबू नका. आजच दवाखान्यात फोन करा. ते टोक कापायला दोन मिनिटं लागतात. आणि घरी नेलकटर लावू नका. मी मुलाच्या वेळी तेच केलं. टोक तुटून जिभेखाली गेलं, त्यानं लगेच थुंकलं म्हणून निभावलं. घशात गेलं असतं तर, हा विचार अजून येतो.

वाहक_ताई

ताई, मी एसटीत वाहक आहे. 29 व्या वर्षी ब्रेसेस लावल्या, 26 महिने तोंडात होत्या. दिवसभर तिकिटं फाडत बोलायचं, गाडी मागे घेताना शिट्टी फुंकायची. पहिल्या आठवड्यात शिट्टी ओठांत धरली की ब्रॅकेट, म्हणजे दातांवर चिकटवलेले ते छोटे चौकोनी तुकडे, ओठाच्या आत रुतायचे. तुमच्या लेकीला काय होतंय ते मला नीट कळतंय.

आधी मेण. दवाखान्यातून छोट्या डबीत पांढऱ्या कांड्या दिल्या असतील, नसतील तर औषधाच्या दुकानात विचारा. तुरीच्या दाण्याएवढं मेण तोडून बोटांत मळून मऊ करायचं. मग जो ब्रॅकेट टोचतो तो कापसानं कोरडा करायचा. हे महत्त्वाचं, ओल्यावर मेण धरतच नाही. गोळी ब्रॅकेटवर दाबून बसवायची. गाल त्या गुळगुळीत गोळीवरून सरकतो आणि जखमेला भरायला वेळ मिळतो. जेवताना काढून टाकायचं, नंतर नवं लावायचं. पोटात गेलं तरी घाबरू नका. दिवसातून तीन-चार वेळा कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरू द्या. गालाची कातडी दोन-तीन आठवड्यांत सरावते. मला त्यानंतर मेण क्वचितच लागलं.

आता जेवण. भाकरी बंद करू नका, कुस्करा. कडक भाकरीसुद्धा गरम आमटीत चुरून वर झाकण ठेवलं की दहा मिनिटांत लोण्यासारखी होते. माझी आई वरून दूध नाहीतर तुपाची धार घालायची. शेंगाचटणी दह्यात कालवून द्या. पहिल्या आठवड्यात मी मेतकूट-भात, मुगाची खिचडी, दूधपोळी, शिरा यांवर होते, आणि तार घट्ट केल्यावर दर महिन्याला दोन दिवस पुन्हा तेच. पेरू, सफरचंद, गाजर यांचा दातानं लचका तोडायचा नाही. पेरू किसून मीठ लावून दिला तर खाईल. कणीस सोलून दाणे शिजवायचे. चिक्की, संक्रांतीचा हलवा, डिंकाचे लाडू आणि ऊस मात्र ब्रेसेस निघेपर्यंत नको. मी एकदा स्टँडवर फुटाणे खाल्ले आणि खालच्या दाढेचा ब्रॅकेट सुटून तारेवर मण्यासारखा फिरायला लागला. तो पुन्हा चिकटवेपर्यंत त्या दाताचं काम थांबलं. दूध-बिस्किटाचं मात्र लवकर बंद करा. बिस्कीट ब्रॅकेटभोवती लापशीसारखं बसतं.

माझी खरी कळकळ दात घासण्याबद्दल आहे, कारण तिथे मी चुकले. पहिले सहा महिने प्रत्येक स्टँडवर गोड चहा प्यायचे आणि चूळही न भरता गाडीत चढायचे. ब्रेसेस निघाल्या त्या दिवशी आरसा हातात दिला. दात सरळ रांगेत होते. पण वरच्या दोन पटाशीच्या दातांवर, जिथे ब्रॅकेट होता तेवढा चौकोन चकचकीत आणि त्याच्या कडेनं खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ. ब्रॅकेटच्या कडेला थर साचतो, त्यातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि दाताच्या कवचातले क्षार झिजतात. फ्लोराइडनं थोडं फिकं झालं, पण उन्हात फोटो काढला की माझी नजर आधी तिथेच जाते. तुमच्या लेकीला हे होऊ देऊ नका.

माझ्या तिकिटांच्या बॅगेत नंतर एक छोटी पिशवी कायम असायची: ब्रश, दोन दातांमध्ये जाणारा बाटल्या धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश, आणि हातात मावेल एवढा आरसा. ब्रश आधी तारेच्या वरून तिरका, मग खालून तिरका, शेवटी हिरडीच्या कडेला. बारीक ब्रश तारेखालून आत-बाहेर. रात्री फ्लोराइडच्या पेस्टनं, आरशासमोर, पाच-सात मिनिटं. हिरडीतून रक्त आलं म्हणून घासणं सोडायचं नाही. थर साचूनच ती सुजलेली असते. शाळेत ब्रश जमला नाही तरी डबा खाल्ल्यावर नळावर जाऊन चार वेळा खळखळून चूळ भरायची आणि आरशात बघून वर्गात जायचं. डब्यात पालेभाजी आणि पोहे नको. भात, इडली, मऊ पोळीची भाजी भरून केलेली गुंडाळी द्या.

सासूबाईंना एवढंच सांगा. दात सरकतो तेव्हा ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं तयार होतं. त्या कामाचीच ही ठणक आहे आणि ती दर वेळी काही दिवसांत ओसरते. मधेच दात किंचित हलल्यासारखे वाटतील, त्यालाही घाबरू नका.

बार्शीची_आई

दोघांचे मनापासून आभार. काल दवाखान्यात जाऊन आलो, तार कापली. मेण तिनं स्वतःच आरशात बघून लावलं. आज दुपारी आमटीत कुस्करलेली भाकरी दोन वेळा मागून घेतली. सासूबाईंनीच कुस्करून दिली. दादा, तुमचा निरोप वाचून नेलकटर वरच्या फळीवर ठेवलाय.

ताई, एक विचारायचं राहिलं. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांनी वरून खाली ताणून बांधायची रबरं देतील आणि शेवटी रिटेनर, म्हणजे ब्रेसेस काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून लावायचा साचा. ते किती त्रासाचं असतं?

वाहक_ताई

दुखत फार नाही, पण ते काम डॉक्टरांचं नसतं, तिचं स्वतःचं असतं. मला रबरं दिवसाचे 22 तास सांगितली होती, जेवताना आणि दात घासताना तेवढी काढायची. मुक्कामी गाड्या लागल्या आणि मी नऊ दिवस लावली नाहीत. पुढच्या तारखेला मी तोंड उघडलं आणि काही बोलायच्या आत डॉक्टरांनी विचारलं, रबरं बंद होती का? दात तसंच सांगतात. तेव्हापासून एक पुडी घरी आणि एक बॅगेत ठेवली.

रिटेनर जेवताना काढला की डबीतच ठेवायचा, कागदात गुंडाळायचा नाही, नाहीतर उष्ट्याबरोबर कचऱ्यात जातो. गरम पाण्यानं धुवायचा नाही, प्लास्टिक वाकतं. माझ्या ब्रेसेस काढून पावणेदोन वर्षं झाली, अजून रोज रात्री लावते. चार रात्री चुकल्या तर पाचव्या रात्री घट्ट बसतो, म्हणजे दात परत जागा सोडायला निघालेले असतात.

आणि हो, पुढच्या तारखेला ब्रॅकेटवरची बारीक रबरं बदलतील, तेव्हा रंग विचारतील. पारदर्शक घेऊ नका, आपल्या हळदीनं दोन दिवसांत पिवळी पडतात. गडद रंग सांगा. तिलाच निवडू द्या.