नसबंदीनंतर सायकल: आठवडा पुरतो की महिनाभर थांबायचं?

यळ्ळूरचा फिटर (मूळ धागा)

डिसेंबरच्या सुरुवातीला पुरुष नसबंदी पंधरवडा चालू होता, तेव्हा मी ऑपरेशन करून घेतलं. दोन मुलं आहेत. दुसऱ्या खेपेला बायकोचं सिझर झालं, तिच्या पोटावर परत सुरी नको असं मनानं घेतलं होतं. बिनटाक्याची पद्धत, तेवढ्याच जागेला भूल, पुढच्या बाजूला एक बारीक छिद्र. अर्ध्या तासात बाहेर येऊन बाकावर चहा पीत बसलो होतो.

आठव्या दिवशी सायकलनं बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात, कामावर गेलो. माझी दांडीची सायकल घेतली नाही. पुतणीला आठवीत सरकारकडून मिळालेली सायकल घरी पडून होती, तिला मधली दांडी नाही, पाय उंच टाकावा लागत नाही. सीट थोडी खाली केली, आतून लंगोट घट्ट बांधला. अनगोळच्या अलीकडे रस्ता उखडलाय, तिथं प्रत्येक खड्ड्याला पायडलवर उभा राहिलो. दुखलं नाही. संध्याकाळी थोडं जड वाटत होतं, सकाळी तेही गेलं.

आता मुद्द्याचं. आमच्या शॉपमधले चौघंजण माझ्या मागोमाग करून घ्यायला तयार होते. कुणीतरी त्यांना सांगितलं की महिनाभर सायकल बंद. चौघंही मागे फिरले. पहिल्या पाळीला पोचायचं तर सायकलशिवाय दुसरं काही नाही, आणि महिनाभर रिक्षा कुणाला परवडते? त्यातल्या दोघांनी नंतर बायकांची ऑपरेशनं करून घेतली. हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

केंद्र सरकारच्या नियमपुस्तिकेत सरळ लिहिलंय: ४८ तासांनी नेहमीचं काम, आणि एका आठवड्यानंतर सायकलसकट सगळं. सायकलचं नाव घेऊन लिहिलंय, कारण हा प्रश्न आपल्याकडं प्रत्येक जण विचारणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. मग आपण महिना कुठून आणला? माझं म्हणणं, आठवडा पुरतो, आणि तसंच मोठ्यानं सांगायला हवं.

जांबोटीकडचा

भाऊ, तुमचं चांगलं झालं, आनंद आहे. पण "आठवडा पुरतो" एवढंच मोठ्यानं सांगू नका. माझं ऐका आधी.

मीही तालुक्याला जाऊन करून घेतलं. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. निघताना सिस्टरनी हातात कागद दिला, सगळा कन्नडमध्ये. तोंडानं म्हणाल्या, "ओंदु वार सैकल ब्याड." ओंदु म्हणजे एक आणि ब्याड म्हणजे नको, एवढं मला येतं. आमच्या गावात कन्नड कानावर कमीच पडतं. मी समजलो एक वार, म्हणजे एक दिवस. सोमवार, मंगळवार म्हणतो तसा. कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा, हे मला नंतर कळलं.

एक दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी कॅरियरला दुधाचे दोन कॅन बांधून डेअरीला निघालो. उताराला चेन पडली, पाय सटकला आणि दांडीवर बसलो. त्या वेळी कळ आली आणि गेली. रात्री लंगोट सोडून बघतो तर उजवी बाजू लिंबाएवढी सुजलेली आणि रंग पिकल्या जांभळासारखा, मांडीपर्यंत उतरलेला. बायको घाबरून रडायला लागली. पुढचे तीन आठवडे टॉवेलची गुंडाळी खाली घेऊन उताणा पडून होतो. दूध भावानं घातलं. आज सगळं ठीक आहे, पण ते तीन आठवडे विसरत नाही.

म्हणून मी सगळ्यांना महिना सांगतो. महिना म्हटलं की ऐकण्यात चूक झाली तरी माणूस पंधरा दिवस थांबतोच.

यळ्ळूरचा फिटर

दादा, वाचून पोटात गोळा आला. पण तुमचा त्रास तिसऱ्या दिवसाचा आहे, आठव्याचा नाही. चूक आठवड्याच्या नियमाची नाही, तो तुमच्यापर्यंत पोचला नाही याची आहे. त्यावर उपाय म्हणून आकडा वाढवला तर माझ्या शॉपमधल्या चौघांसारखे लोक दारातूनच परत जातात.

कॅम्पातला

सरळ आहे, कागद मराठीत पाहिजे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्यायच्या, हे केंद्राच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांनी अहवालांमधून किती वेळा सांगितलंय. पाटीवरच्या भाषेवरून भांडायला आम्ही पुढं असतो. औषधाच्या कागदावरून कुणी भांडत नाही, आणि इथं तर माणूस तीन आठवडे पडून राहिला.

टिळकवाडी, रविवारची सायकल

मी वेगळ्या बाजूनं विरोध करतो. दिवसांवर वाद घालताय, पण सायकल कोणती ते कुणी विचारत नाही.

साधी काळी सायकल, रुंद स्प्रिंगची सीट, ताठ बसणं. अशा वेळी वजन मागच्या दोन बैठकीच्या हाडांवर येतं, जखम पुढच्या बाजूला असते, तिच्यावर थेट भार नाही. गिअरच्या शर्यती सायकलवर आपण वाकतो, हँडल सीटपेक्षा खाली असतं. मग वजन पुढं सरकतं आणि सीटचं निमुळतं नाक नेमकं मधे येतं, अंडाची पिशवी त्याच्यावर घासते. त्यात घट्ट चड्डी, घाम, दोन-तीन तास न उतरता.

मी दहाव्या दिवशी पिरनवाडी, किणये करत जांबोटीला निघालो, आठवडा उलटून गेलाय म्हणून. किणयेपर्यंत ठीक होतं. पुढं चढाला ओढल्यासारखं दुखायला लागलं, मांडीच्या सांध्यातून वर पोटात. तिथूनच फिरलो. सूज आली नाही, पण चार दिवस जिना चढताना जाणवत होतं. मग पूर्ण तीन आठवडे थांबलो. परत सुरू करताना मधे खाच असलेली सीट घेतली, नाक एक बोटभर खाली झुकवलं, टायरची हवा थोडी कमी केली आणि पहिले दोन रविवार राकसकोपच्या पलीकडं गेलो नाही.

तेव्हा "एक आठवडा" हे कामावर जाणाऱ्याला बरोबर आहे. चोर्ला घाटापर्यंत लांब जाणाऱ्याला चूक आहे. दोघांना एकच आकडा सांगू नका.

चिकोडीचे काका

पोरांनो, माझं वय ६४. तुमच्या बोलण्यात एक गोष्ट राहून गेली म्हणून लिहितोय.

आणीबाणीत मी शाळेत होतो. १९७६-७७ या एका वर्षात देशात ६० लाखांवर पुरुषांची नसबंदी झाली. आमच्या गावात सरकारी जीप आली की बापय माणसं उसात शिरायची, माझे वडीलही. आई संध्याकाळी भाकरी बांधून बांधावर ठेवून यायची. ती भीती लोकांच्या हाडात गेली.

पण त्याहून जास्त काय झालं सांगतो. आमच्या गल्लीतल्या एकानं स्वखुशीनं करून घेतलं होतं, आणि चौथ्या दिवशी पोतं लादून सायकल काढली. सुजलं, पू झाला, महिनाभर दवाखाना. माणूस बरा झाला, ८० वर्षं जगला. तरी गल्लीत पुढं कुणीही, ऐका, एकानंही करून घेतलं नाही. "त्याचं काय झालं बघितलंस न्हवं?" एवढ्या एका वाक्यावर तिसऱ्या पिढीपर्यंत बायकांचीच ऑपरेशनं झाली.

फिटर, तू म्हणतोस महिना सांगितला तर चौघं परत जातात. खरं आहे. पण आठवडा सांगून एकाला सुजलं तर चाळीस परत जातात, आणि ते कायमचे. म्हणून मी महिन्याच्या बाजूनं.

यळ्ळूरचा फिटर

काका, याचं उत्तर मला दोन दिवस सुचलं नाही. तुमच्या गल्लीतला माणूस चौथ्या दिवशी गेला, जांबोटीचे दादा तिसऱ्या. दोघांनीही ओझं लादलं होतं. म्हणजे आठवडा पाळूनही सुजलेला माणूस अजून कुणी दाखवला नाही. पण तुमची भीती खोटी नाही, हे मान्य करतो. ओझ्याचं मी लिहायलाच हवं होतं.

निपाणीची वहिनी

इतका वेळ वाचत होते. सगळे पुरुषच बोलताय, म्हणून लिहिते.

माझं ऑपरेशन धाकटी झाल्यावर झालं. पोट उघडून. मला कुणी विचारलं नाही, विडीच्या सुपासमोर मांडी घालून कधी बसशील? आठव्या दिवशी टाके काढले आणि नवव्या दिवशी मी नळावरून घागर आणली, कारण घरात आणणारं दुसरं कुणी नव्हतं. दिवसभर पुढं वाकून विड्या वळायच्या आणि टाक्यावर ताण यायचा. यावर कुणी असा धागा काढला नाही, आठवडा की महिना म्हणून.

मी भांडायला आलेली नाही. काकांचं म्हणणं ऐकून मला रडू आलं, कारण ते खरं आहे. देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब पाहणीत वापरातल्या उपायांचे आकडे आहेत. लग्न झालेल्यांत बाईचं ऑपरेशन ३७.९ टक्के, पुरुषाचं ०.३. बाईच्या पोटात शिरावं लागतं, पुरुषाचं कातडीखालीच असतं, आणि तरी हे असं. तेव्हा काका, महिना सांगा की आठवडा, पण सांगताना हेही सांगा की तुम्ही सायकल महिनाभर ठेवलीत तरी ते तिच्या ऑपरेशनपेक्षा कमीच आहे. महिनाभर रिक्षाचे पैसे घालायला मी माझी विडीची मजुरी दिली असती. मला कुणी विचारलं नाही.

यळ्ळूरचा फिटर

वहिनी, हे मी शॉपमधल्या चौघांना वाचून दाखवणार आहे. दोघं अजून राहिलेत.

आशा कार्यकर्ती, उचगाव बाजू

मी घरोघरी हेच सांगत फिरते, त्यामुळं दोन-तीन गोष्टी स्पष्ट करते.

सूज का येते ते आधी. पिशवीचं कातडं सैल असतं, आतून दाबून धरायला काही नसतं. बारीक शीर पाझरत राहिली तर रक्त साठत जातं. म्हणून पहिले दोन दिवस पडून राहायचं, रात्रीसुद्धा लंगोट किंवा सपोर्टर काढायचा नाही, आणि कपड्यात गुंडाळून बर्फ थोडा थोडा वेळ लावायचा. हे दोन दिवस पाळले तर पुढचं अर्धं भांडण मिटतं. जे सुजतात त्यांनी बहुतेक हे दोन दिवस पाळलेले नसतात, हा माझा अनुभव.

आठवड्यानंतर सायकल, हे बरोबर आहे. पण ज्याला तोवर काही त्रास नाही त्यालाच. सूज वाढतेय, ताप आहे, छिद्रातून रक्त किंवा पू येतोय, तर दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी परत दाखवा.

"सायकलनं गाठ सुटते आणि परत मूल होतं", असं मला दर गावात ऐकवतात. सायकल चालवून बीज नेणारी कापलेली नळी परत जुळत नाही. मूल राहतं ते दुसऱ्या कारणानं. कापलेल्या जागेच्या पुढं आधीचं बीज शिल्लक असतं, ते संपायला वेळ लागतो. म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. सायकल आठव्या दिवशी, पण निरोध सोडायची मोकळीक तीन महिन्यांनी आणि रिपोर्ट बघून. हे दोन आकडे लोक एकमेकांत मिसळतात, आणि मग बायकोवर संशय घेतात. मी एका घरात हे बघितलंय, तिथं त्या बाईचे काय हाल झाले ते इथं लिहिणार नाही.

ताकदीचं म्हणाल तर पुरुषी ताकदीचा रस नळीतून जात नाही, तो थेट रक्तात मिसळतो. नळी बांधल्यानं त्याला काही होत नाही. पोतं पूर्वीसारखंच उचलाल, फक्त पहिल्या आठवड्यात नको.

यळ्ळूरचा फिटर

तुमच्या सगळ्यांचं ऐकून मी शॉपच्या सायकल स्टँडला लावायला कागद केलाय. बघा आणि चुकलं तर सांगा.

"पहिले दोन दिवस झोपून. लंगोट रात्रंदिवस. एक आठवडा सायकल नाही, ओझं नाही. आठवड्यानंतर साधी सायकल, जवळचं अंतर, दांडीची असेल तर बिनदांडीची मागून घ्या. कॅरियरला ओझं आणखी काही दिवस नको, दुखलं तर उतरा. लांबचा पल्ला तीन आठवड्यांनी. निरोध तीन महिने, मग तपासणी."

टिळकवाडी, रविवारची सायकल

लांबच्या पल्ल्याला तीन आठवडे लिहिलंस, बरं केलंस. तरी माझं मत कायम आहे, गिअरच्या सायकलवाल्यानं दुखणं पूर्ण थांबल्याशिवाय बसूच नये, दिवस कितीही होऊ देत.

चिकोडीचे काका

कागद चांगला आहे. मी गावात मात्र पंधरा दिवसच सांगणार. महिन्यावरून पंधरावर आलो, त्याच्या खाली मला उतरवू नका.

जांबोटीकडचा

एकच सुधारणा. "एक आठवडा" खोडा आणि "सात दिवस" लिहा. आणि खाली कन्नडमध्येही तेच लिहून घ्या, "येळु दिन". तुमच्या शॉपमध्ये गोकाककडची पोरंही आहेत ना, त्यांनाही नीट कळू दे. सातचा आकडा मोठा काढा.

यळ्ळूरचा फिटर

केलं. सात लाल पेननं काढलाय.