अनुभव धागा : घरात लावलेला स्वस्तातला कॅमेरा, तुम्हाला कसा वाटला?

औशाची लेक
परवा औशाला जाऊन आले. माय गेल्यापासून घर बंद होतं, आता भाडेकरू येणार म्हणून आवरायला गेले. देवघराच्या वरच्या फळीवर तो पांढरा कॅमेरा तसाच बसलेला. त्याच्या बाजूला मायनं शिवलेली खणाची टोपी. रोज थोडा वेळ ती ती टोपी त्याच्या डोक्यावरून खाली ओढायची. "त्यालाबी झाकू दे, मला लुगडं बदलायचंय" म्हणायची.

२०२१ साली घेतला होता, अडीच हजाराच्या आसपास. घेताना मी बघितलं काय, तर १०८० पी आहे का, गोल फिरतो का, रात्री दिसतं का. वापरताना वेगळंच कामाला आलं. रात्रीचं चित्र काळंपांढरं, गोधडीत माय आहे की नुसती गोधडी, ते कळायचं नाही. पण आवाज स्वच्छ यायचा. ती खोकली की मला पुण्यात कळायचं. पहिल्यांदा मी त्यातून "माय" अशी हाक मारली, तर तिनं देवघराकडं बघून हात जोडले. मग ओळखलं आन म्हणाली, "तू हाईस व्हय, काय करूलालीस गं?"

हे सगळं लिहायचं कारण, परवा त्यातलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. मायचे दिवस बघायला मिळतील या आशेनं. ६४ जीबीचं कार्ड, सतत रेकॉर्डिंग, म्हणजे जेमतेम आठवडाभर मावतं. भरलं की जुनं पुसून त्यावर नवं. नेटचा रिचार्ज केव्हाच संपला होता, पण घरात लाइट चालू होती, त्यामुळं कॅमेरा कार्डावर भरतच राहिला. सात दिवस रिकामी खोली. त्या रिकाम्या खोलीनं माझी माय पुसून टाकली.

ज्यांच्याकडं असा कॅमेरा आहे त्यांनी अनुभव लिहा. घेताना काय बघावं, कुठं लावावा, काय चुकलं. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

दोन लेकरांची माय
ताई, डोळे भरून आले. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

जालनेकर
आधी वायफायचं बघा. यातले बहुतेक कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. माझा राउटर दोन्ही बँडचा, नाव एकच, फोन बसलेला ५ वर. अख्खा रविवार गेला, कॅमेरा काही जोडेना. शेवटी दोन्हींना वेगळी नावं दिली, दोन मिनिटांत झालं. २.४ चा फायदा म्हणजे भिंतीपलीकडं जास्त पोचतो. आमच्या जुन्या वाड्याच्या भिंती हातभर जाड, तिथं तोच बरा.

हुरडा
लाइट गेल्यावर काय करता तुम्ही लोक? आमच्याकडं परभणीत कॅमेरा इन्व्हर्टरवर घेतला पण राउटर राहिला. म्हणजे कार्डावर रेकॉर्डिंग होतं, पण फोनवर "ऑफलाइन". बाबांना वाटायचं चोरानं वायर तोडली, मला दहा फोन.

जालनेकर
@हुरडा राउटरला छोटा यूपीएस मिळतो १२ व्होल्टचा, तो लावा. आन यंदा ज्वारी कशी हाय तिकडं?

हुरडा
ज्वारी झकास. कणसं भरू द्या, डिसेंबरात या. दही, शेंगाची चटणी, गूळ सगळं घरचं.

जालनेकर
आलोच समजा.

माजलगावचा
आई-बाप ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की निघायचं, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत तिकडंच. घरी आजी आन धाकटी बहीण, ती तिसरीत हाय. मी बीडला शिकतो. गेल्या साली साठवलेल्या पैशातून कॅमेरा घेतला. वायफाय कुठलं, जुन्या फोनमधी सिम टाकून हॉटस्पॉट लावून ठेवला, फोन चार्जरलाच. एक गोष्ट लवकर कळली, कार्डावर भरायला डेटा लागत नाही, लाइव्ह बघायला लागतो. रोजचा दीड जीबी हाय तो बघण्यातच जायचा. मग ॲपमधी चित्राची क्वालिटी कमी केली, आता पुरतो.

आईकडं कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, रेंज नसती. ट्रॅक्टर कारखान्यावर खाली करायला गेली की तिथं येती. रात्रीचे बारा-एक वाजलेले असतेत. बहीण झोपलेली दिसती, तेवढंच बघती. एकदा म्हणली, "पांघरूण सरकलंय बघ तिचं, आजीला उठीव." मी बीडवरून त्या कॅमेऱ्यातून आजीला हाक मारली. आजीनं उठून पांघरूण घातलं. आई तिकडं ट्रॅक्टरवर बसून बघायली होती.

लोक म्हणतेत स्वस्त कॅमेरा घेऊन काय फायदा. आम्हाला झाला.

औशाची लेक
@माजलगावचा भाऊ, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

फिटिंगवाला, नांदेड
वीस वर्षं हेच काम करतोय, थोडं सांगतो.

स्वस्त कॅमेरा बंद-चालू होऊलालाय म्हणून लोक परत आणून देतात. दहातल्या पाचांत कॅमेरा चांगला असतो, वायर खराब असती. सोबतची वायर पुरत नाही म्हणून पाच मीटरची बारीक वायर लावतात. दिवसा चालतो. रात्री इन्फ्रारेडचे दिवे पेटले की त्याला करंट जास्त लागतो, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आन कॅमेरा बसतो. म्हणून "फक्त रात्रीच बंद पडतो" असं कुणी म्हणलं की मी आधी वायर बघतो. ॲडॉप्टर सोबतचाच वापरा, लांब पाहिजे तर एक्स्टेन्शन बोर्ड पुढं घ्या.

दुसरं, खिडकीच्या काचेमागं ठेवू नका. दिवसा छान दिसतं, रात्री त्याचाच उजेड काचेवरून परततो आन सगळं पांढरं. आन लेन्सजवळचं जाळं आठवड्याला पुसा. तिथं किडे येतात, किड्यांमागं कोळी येतो, मग रात्रभर फोनवर "हालचाल दिसली".

कार्ड साधं मोबाइलचं घालू नका. सतत लिहून-पुसून ते लवकर मरतं. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्या, थोडं महाग असतं. महिन्यातून एकदा जुनं रेकॉर्डिंग उघडून बघा. चोरी झाल्यावर कार्ड उघडलं आन आत काहीच नाही, असं मी स्वतः चार घरांत बघितलंय. ते तोंड बघवत नाही.

पासवर्ड घरातल्या कुणाच्या नावाचा ठेवू नका, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. कॅमेऱ्याच्या सुरक्षेची तपासणी ९ एप्रिल २०२५ पासून सरकारनं सक्तीची केलीय, म्हणून डब्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नंबर हाय का ते बघूनच घ्या. बिना नावाचा घेऊ नका.

औशाच्या ताई, सतत रेकॉर्डिंगऐवजी "हालचाल असेल तेव्हाच" असं ठेवलं असतं तर रिकाम्या खोलीत फारसं काही भरलं नसतं. तुम्हाला बोल लावत नाही, हे दुकानात कुणी सांगतच नाही. मी पण आजपासून गिऱ्हाइकाला सांगणार.

दोन लेकरांची माय
आले. माझं वेगळं हाय. मी शाळेत शिकवते, लेकरं सासूबाईंकडं. कॅमेरा हॉलमधी लावला, मला वाटलं लेकरं दिसतील. सासूबाई काही बोलल्या नाहीत. महिनाभरानं नणंदेकडून कळलं की त्या दुपारी हॉलमधी पाठ टेकत नाहीत, स्वैपाकघरात लादीवर निजतात. गुडघे दुखतात त्यांचे. मला फार लागलं ते. त्याच संध्याकाळी कॅमेरा काढून दाराकडं तोंड करून पॅसेजमधी लावला. कोण आलं कोण गेलं तेवढं दिसतं, पुरे. लावायच्या आधी मी त्यांना विचारायला पाहिजे होतं.

आता घेत असाल तर लेन्स आत फिरवून झाकायची सोय असलेला घ्या. आमच्या भावाकडच्या कॅमेऱ्यात ती बघितली. सासूबाईंना झाकलेला दिसला की त्या मोकळ्या होतात.

औशाची लेक
@दोन लेकरांची माय म्हणूनच मायनं टोपी शिवली असेल. मला कधी विचारायचं सुचलं नाही.

उमरगेकर
माझ्या बाबांचा प्रश्न कुणी सोडवा. ३० सप्टेंबर १९९३ ला आमचं घर पडलं. किल्लारीच्या भूकंपात. पहाटे चार वाजत आले होते, बाबांनी मला मातीखालून काढलं. तेव्हापासून ते छताखाली निजत नाहीत. आता आरसीसीचं घर हाय, तरी बाज अंगणातच. पाऊस आला तर ओसरीत, त्याच्या आत नाही. मी हैदराबादला असतो. हौसेनं घरात कॅमेरा लावला आन रोज रात्री मला रिकामा पलंग दिसतो. घरातला कॅमेरा बाहेर लावला तर चालतो का?

फिटिंगवाला, नांदेड
@उमरगेकर नाही चालत दादा. एका पावसात जाईल, आन आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तर त्याहून वाईट. आयपी६६ (म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा) लिहिलेला बाहेरचा घ्या, ओसरीच्या खांबाला आठ-नऊ फुटांवर. घरातला दाराच्या आतून अंगणाकडं तोंड करून ठेवा, पण दार उघडं असेल तरच दिसेल.

उमरगेकर
दार उघडंच असतं आमचं. ते लावूच देत नाहीत.

हुरडा
आमची आजीपण तशीच होती. सोलापूर रस्त्यानं जड गाडी गेली, जमीन हलली की उठून बाहेर.

जालनेकर
औशाच्या ताई, फोनच्या गॅलरीत बघितलं का? लाइव्ह बघताना एखादं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं असेल, ते फोनमधी सेव्ह होतं. आन घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलेलं काही असेल तर तेपण शोधा.

औशाची लेक
काल रात्री दोन वाजेपर्यंत शोधलं. माझा तो फोन बदलला, त्यात काही नव्हतं. भावाला उठवलं. त्याच्या व्हॉट्सॲपमध्ये खाली जाऊन जाऊन सापडलं, मीच पाठवलं होतं, मला आठवतसुद्धा नव्हतं. अकरा सेकंदांचं हाय. माय फळीजवळ येते, टोपीला हात लावते, मग थांबते. वर तोंड करून विचारते, "जेवलीस का? येसराची आमटी केलीय मी." उत्तराची वाट बघते. माझा आवाज येत नाही, मी बहुतेक कामात होते. मग ती टोपी खाली ओढते आन चित्र काळं होतं. पण रेकॉर्डिंग चालूच हाय, भांडं वाजल्याचा आवाज येतो, चुलीकडं गेली असणार.

दोन लेकरांची माय
ताई, दोन-तीन ठिकाणी ठेवा ते. भावाच्या फोनवर एकट्या ठेवू नका.

औशाची लेक
ठेवलं. चार ठिकाणी. टोपी पुण्याला घेऊन आलेय.